हजार किलोमीटर वेगातला उंबरा

थांबा, आधी सगळे नीट बसा. ताहेर, शेंगांची पिशवी इकडे सरकव. आणि गार्गी, मध्येच 'म्हणजे काय' विचारू नकोस, मी सांगणारच आहे. तर गेल्या रविवारी आपलं भुसावळ स्टेशन कायमचं बंद होता होता वाचलं! जुनं नाही रे, ते कोण बंद करतंय. अथकचं. आणि बंद कशामुळे होणार होतं? पूर नाही, भूकंप नाही. आमचे बाबा आणि हर्षाआत्या, यांच्यामुळे. म्हणजे एकट्या त्यांच्यामुळे नाही, अख्ख्या गावामुळे. ताहेर, तुझ्या अम्मीचा तर त्यात मोठा हात आहे, हसू नकोस.

गार्गीच्या पुण्यात अथक चक्क उभी राहते, तिथे मोठा थांबा आहे. त्यामुळे तिला आमची भानगड माहीत नाही. आमच्याकडे अथक थांबत नाही. थांबूच शकत नाही! कन्याकुमारीहून निघते ती दिल्ली, लाहोर, काबूल, समरकंद करत पार इस्तंबूल. हो, लाहोर-काबूलवरून. तेही झालं, भांडत भांडत झालं. ही गाडी लोहचुंबकांवर तरंगते, म्हणजे चाकांचं घर्षण गेलं. पण खरा त्रास हवेचा असतो. तू बाइकवर जोरात गेलीस की हवा कशी छातीवर हात ठेवून मागे ढकलते, तसं. वेग दुप्पट केला की ते ढकलणं चौपट होतं. म्हणून अथकचा अख्खा मार्ग नळीत आहे आणि त्या नळीतली बहुतेक हवा काढून टाकलेली आहे. हिमालयाच्या शिखरावर नसेल इतकी विरळ. मग गाडी ताशी हजार किलोमीटरने जाते आणि आत बसलेल्याच्या चहावर तरंगसुद्धा उठत नाही.

पण असली गाडी थांबवायची म्हणजे वैताग. एकदम ब्रेक मारला तर माणसं समोरच्या सीटवर चिकटतील. सावकाश मारायचा तर थांबायला चाळीस किलोमीटर लागतात, परत वेग घ्यायला आणखी चाळीस. प्रत्येक गावाला असं करत बसलं तर ती अथक कसली, पॅसेंजरच की! म्हणून सुरुवातीला ठरलं होतं, फक्त मोठ्या शहरांना थांबे. भुसावळ, खंडवा, इटारसी असल्या गावांच्या जमिनीखालून गाडी जाणार आणि आपण वर बसून केळी खाणार.

मग कुणाच्या तरी डोक्यात सांधगाडी आली. ताहेर, आठवतंय, जामनेर रोडला आपण दोन बाइकवर शेजारी शेजारी जात होतो आणि तू मला चालत्या गाडीवरून शेंगा दिल्यास? सांडली का एक तरी? नाही. कारण दोघांचा वेग सारखा होता. जगाच्या दृष्टीने आपण साठने पळत होतो, पण एकमेकांच्या दृष्टीने उभे होतो. बस, एवढंच आहे विज्ञान! भुसावळहून एक छोटी गाडी निघते, शेजारच्या नळीत वेग घेत घेत हजारला पोचते, तोवर मागून अथक येते, दोघी शेजारी शेजारी होतात, मधला एक छोटासा हवाबंद पूल जोडला जातो, दोन्हीकडची दारं उघडतात. माणसं इकडची तिकडे, तिकडची इकडे. दारं बंद, पूल आत, सांधगाडी बाजूच्या फाट्याला लागते आणि वेग कमी करत खंडव्याला उतरते. दारं उघडी असतात ती जेमतेम अडीच मिनिटं. तेवढ्यात खाली चाळीसेक किलोमीटर जमीन सरकलेली असते, पण तुला वाटतं आपण शेजारणीच्या घरात गेलो.

आणि त्या सांधगाडीच्या दाराची मी चालक. नेमणूकपत्रावर 'द्वार-नियंत्रक' वगैरे आहे, गाव मला दारवाली म्हणतं.

आता गंमत ऐका. सांधगाडी तशीही खंडव्याला जाऊन दुसऱ्या बाजूने परत येते, जागा रिकाम्या असतात. म्हणून आपल्या लोकांनी मागणी केली की सोडायला येणाऱ्यांनाही बसू द्या. मिळाली परवानगी! म्हणजे पाहुण्याला स्टेशनवर सोडायचं नाही, थेट अथकच्या दारात सोडायचं. अख्खं भुसावळ पाहुण्यांना हजारच्या वेगात टाटा करतं, खंडव्याला उतरून पोहे-जिलबी खातं आणि घरी येतं.

आणि तिथेच सगळं फसलं. कारण आपल्याकडे निरोप कधी घेतात? घरात बसून? छे! घरात 'बरंय, येते हं' म्हणायचं, उठायचं, चपला घालायच्या, आणि मग दारात उभं राहून खऱ्या गप्पा सुरू. दुपारभर हवापाण्याचं बोललेली बाई उंबऱ्यात आली की म्हणते, 'अगं, सांगायचं राहिलंच, सुनेला दिवस गेलेत.' तेच लोक अथकमध्ये पाऊल टाकायचे, वळायचे आणि एक पाय पुलावर ठेवून सुरू व्हायचे. दाराला जाणीवयंत्र आहे, मध्ये माणूस असेल तर दार मिटत नाही. दार मिटलं नाही तर पूल आत जात नाही. पूल जोडलेला असेल तर सांधगाडी फाट्याला लागत नाही, अथकला चिकटून पुढे जाते, सरळ इटारसी. मग खंडव्याची जी सांधगाडी त्याच नळीत शिरणार असते तिला थांबवावं लागतं, खंडवेकर खोळंबतात, त्यांच्यापुढची सगळी गावं खोळंबतात, आणि समरकंदच्या नियंत्रण कक्षात एक लाल ठिपका लागतो. तो कुठला, तर भुसावळचा. दर वेळी भुसावळचा!

त्यांना बिचाऱ्यांना कळेना. दोनदा दाराची जाणीवयंत्रं बदलली. कुणी म्हणे धूळ बसत असेल. शेवटी त्यांनी कळवलं, महिनाभर निरीक्षण करू. तेवढ्यात सुधारलं नाही तर भुसावळचा थांबा बंद. भुसावळ वगळून सरळ खंडवा.

मी घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू. नोकरीसाठी नाही फक्त. थांबा गेला तर हर्षाआत्याचा रविवार गेला असता.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. काका गेल्यावर ती मुलाकडे, ओजसदादाकडे, समरकंदला राहायला गेली, त्याला आता तीनेक वर्षं झाली. दादा तिथे इमारतींच्या घुमटांची डागडुजी करतो, मदिनावहिनी दातांची डॉक्टर. दोघं आत्याला फुलासारखं जपतात. आत्या दर रविवारी सकाळी तिकडून निघते, तीन तासांत इथे. हातात समरकंदची ती गोल, चकचकीत रोटी, गाडीच्या स्टिअरिंगएवढी. आली की पहिलं वाक्य, "काय रे नित्या, अजून वाळलेलाच?"

आता आमचे बाबा म्हणजे रिटायर्ड पी. टी. सर. अर्धं गाव त्यांच्या शिट्टीवर पळालेलं. अजूनही शिट्टी गळ्यात असते. त्यांना जगात नित्या म्हणणारी एकच व्यक्ती.

"ताई, मी साठीचा झालो."

"मग? साठीचा नित्या."

दिवसभर दोघं भांडतात. भरितात लसूण जास्त पडला का, लहानपणी झाडावरून कोण पडलं होतं, कोणी कोणाचं नाव सांगितलं होतं. संध्याकाळी आत्या उठते, आई पिशवी भरून देते, बाबा सोडायला सांधगाडीत बसतात. आणि दर रविवारी, न चुकता, अथकमध्ये पाऊल टाकलं की आत्या वळते आणि म्हणते, "नित्या, एक सांगायचं राहिलंच..."

आणि माझी दाराची घंटा सुरू.

"काय गं ताई?"

"जाऊ दे. पुढच्या रविवारी."

दोनदा तर ह्या 'काय गं ताई' आणि 'जाऊ दे' यांच्यामध्ये आम्ही इटारसीला पोचलोय. सख्खा बाप आणि सख्खी आत्या! माझी ड्यूटी असताना!

एकदा खंडव्याला जिलबी खाताना मी बाबांना म्हटलं, "विचारा ना एकदा फोन करून, काय सांगायचंय ते."

"फोनवर सांगायचं असतं तर सांगितलं असतं तिने."

"मग घरी विचारा. दुपारभर असते."

"घरी कसं विचारायचं? घरी भांडण चालू असतं ना." जिलबीचा पाक बोटाला लागलेला, तो बघत बसले. मग म्हणाले, "तब्येतीचं काही नसेल ना गं?"

मी हात पुसायला रुमाल पुढे केला.

आत्याकडूनही एक धागा मिळाला होता, मला तेव्हा कळला नाही. एकदा ती आणि मी भांडी पुसत होतो. ती म्हणाली, "आधी बरं होतं बघ. मी लग्नानंतर यायची तेव्हा एसटी होती, दिवसातून एक. तुझा बाप तेव्हा एवढासा नव्हता हं, चांगला मिशा फुटलेला. तरी माझ्या चपला लपवायचा! पाण्याच्या टाकीमागे, कोळशाच्या पोत्यात, कुठेही. मी शोधते आहे, एसटी गेली. मग सगळे म्हणायचे, आता काय, राहा उद्यापर्यंत." हसली. मग ताट उगाच परत पुसलं. "आता काय, एक गाडी गेली की पंचवीस मिनिटांत दुसरी. लपवून काय उपयोग?"

मी म्हटलं, "छानच आहे ना मग."

"छानच आहे," ती म्हणाली.

मी गाढव! असो.

तर निरीक्षण सुरू झालं आणि समरकंदहून निरीक्षक आल्या, दिलनोझाबाई. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, आणि कानात भाषांतराचं यंत्र. ते यंत्र इतकं शुद्ध मराठी बोलतं की विचारू नका. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "हे कन्यके, मला आपल्या दाराची व्यथा दाखवा." मी दाखवली. ताहेर, तुझी अम्मी त्या दिवशी नाशिकच्या खालाला सोडायला आली होती. खाला उत्तरेकडे चालली होती दिल्लीला. दोघींनी उंबऱ्यात, हो, आम्ही त्या पुलाच्या पट्टीला उंबराच म्हणतो, तर उंबऱ्यात लग्नाचं स्थळ ठरवलं! मुलगा कोण, करतो काय, उंची किती. आम्ही इटारसीला.

परत येताना दिलनोझाबाई म्हणाल्या, "माझी माताही असेच करते. परंतु ती धरतीवर उभी राहून करते." मग गंभीर झाल्या. "मला हे लोक अतिशय प्रिय वाटले. तथापि खंडव्याचे प्रवासीही कुणाचे तरी प्रिय आहेत."

बरोबर होतं ना त्यांचं.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, लोकांना दारात बोलू नका म्हणून पाट्या लावल्या, घोषणा केल्या, विनवण्या केल्या, काय करू अजून? बाबा शिट्टी पुसत होते. म्हणाले, "शर्यतीच्या आधी मी दोन शिट्ट्या का मारायचो?"

"का?"

"पहिली मारली की पोरांना एकदम सगळं आठवतं. नाडी सुटलीय, पाणी प्यायचंय, सर शू लागलीय. शर्यत सुरू होणार असं वाटल्याशिवाय आठवत नाही त्यांना! मग ते सगळं उरकलं की दुसरी मारायची. पळतात सरळ."

भो, माझ्या डोक्यात ट्यूबलाइट! माणसाला दार उघडं लागत नाही रे, निघायची वेळ झाली असं वाटावं लागतं! आपल्याकडे सांधगाडी वेग घेत असते ती चार-पाच मिनिटं लोक नुसते बसून असतात, घड्याळ बघतात, खिडकी नाही म्हणून भिंत बघतात. दार उघडलं की मग त्यांना सगळं आठवतं. तर पहिली शिट्टी आधीच मारायची! वेग अगदी हळू वाढतो, दांडा धरून उभं राहायला परवानगी आहेच. बंद दारासमोर दारातल्या गप्पा उरकू द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी मी बाबांची शिट्टी घेऊनच गेले. गाडी सुटली की फुर्रर्र! "चला, निघा, पिशव्या उचला, वेळ झाली!" लोक धडपडत उठले, दारापाशी गोळा झाले, आणि सुरू! चावी शेजारी ठेवलीय, पापडाचं पीठ कोरडंय, त्याला रागावू नकोस. बंद दारासमोर! दार उघडेपर्यंत सगळ्यांचं बोलून झालेलं. दुसरी शिट्टी. खाली मान घालून तिकडे गेले. सांधगाडी अशी सुटली की बस्स. दिलनोझाबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आठवडाभर एकही ठिपका नाही. मग त्या म्हणाल्या, रविवार हा अखेरचा. सगळ्यात जास्त पाहुणे तेव्हाच असतात. रविवार सरळ गेला की थांबा कायम. एक जरी चूक झाली तर त्यांच्या हातात काही नाही, अहवाल तसाच जाणार.

मी घरी बजावून सांगितलं. "बाबा, ह्या रविवारी जे काय बोलायचंय ते पहिल्या शिट्टीला. दुसरीला आत्या आत, तुम्ही बाहेर."

"मला शिकवतेस शिट्टी?" बाबा म्हणाले.

रविवारी आईने दिलनोझाबाईंनाही जेवायला बोलावलं. थंडी मस्त पडलेली, बाबांनी परसात पऱ्हाटीच्या काड्या पेटवून बामणोदची हिरवी वांगी भाजली, लाकडी मुसळाने ठेचली, आईने कळण्याच्या, म्हणजे उडीद-ज्वारीच्या, पुऱ्या लाटल्या. दिलनोझाबाई दुसऱ्याच घासाला घामाघूम. यंत्र म्हणालं, "माझ्या मुखात अग्नी प्रज्वलित झाला आहे. कृपया आणखी द्या."

आत्या हसून हसून बेजार. "नित्या, बघ, परदेशातली बाई खाते आणि तू मिरच्या बाजूला काढतोस!"

"मला ॲसिडिटी आहे ताई."

"तुला जन्मापासून नाटकं आहेत."

संध्याकाळी निघायची वेळ झाली आणि आत्याच्या चपला सापडेनात! मी तर रडकुंडीला आले. पलंगाखाली बघितलं, चुलीपाशी बघितलं, शेजारच्या कुत्र्यावर संशय घेतला. आई म्हणाली, "वन्सं, माझ्या घाला, पुढच्या रविवारी आणा." आईचे पाय एवढेसे, आत्याच्या टाचा मागून बाहेर. तशीच फटक फटक करत निघाली. बाबा खेळाची जुनी बॅग खांद्याला लावून मुकाट मागे. मला वाटलं, पाण्याची बाटली असेल.

गाडी सुटली. मी पहिली शिट्टी मारली. सगळे दारासमोर जमले, गलका सुरू. दिलनोझाबाई कोपऱ्यात घड्याळाकडे डोळे लावून. मी एका कानाने आत्या-बाबांकडे. म्हटलं, आता बोलतील. पण ते दोघं नुसते दांडा धरून उभे! आत्या भिंतीकडे बघतेय, बाबा आईच्या चपलेतल्या तिच्या टाचांकडे बघतायत. चार मिनिटं. एक शब्द नाही.

अथक आली, पूल जोडला, दारं उघडली. दुसरी शिट्टी. लोक सरसर तिकडे गेले, तिकडचे सरसर इकडे. आत्याही गेली. पिशवी तिच्या सीटवर ठेवली, आईने भरीत भरून दिलेली. दार मोकळं. मी कळ दाबणार.

आणि ती वळली. एक पाय उंबऱ्यावर.

"नित्या, एक सांगायचं राहिलंच..."

"आत्या!" मी ओरडले.

"जाऊ दे," ती म्हणाली. पण पाय उचलला नाही.

घंटा सुरू झाली. बाबा पुढे झाले. त्यांचाही पाय उंबऱ्यावर. मी म्हटलं संपलं. भुसावळ संपलं. दिलनोझाबाई उभ्या राहिल्या. फाटा जवळ येत होता, समोरच्या पट्टीवर हिरवे दिवे एकेक करून पिवळे होत होते, आणि बाबा, माझे साठीचे पी. टी. सर बाबा, शांतपणे खेळाची बॅग उघडून आत हात घालत होते.

त्यांनी चपला काढल्या. आत्याच्या.

"मीच लपवल्या होत्या," बाबा म्हणाले.

आत्या बॅगेत डोकावली.

"कुठे?"

"फुटबॉलच्या पिशवीत."

"आणि मग इथे कशाला दाखवतोस?"

"तू हिच्या आईच्या चपला घालून निघालीस. पूर्वी चपला नसल्या की तू थांबायचीस ना." बाबांचा आवाज शिट्टीत पाणी गेल्यासारखा. "मला वाटलं, ओजस जपतो तुला, मी राहा म्हटलं तर त्याला वाईट वाटेल."

"आणि मला?"

"आत्या, बाबा, एक पाय कुठेतरी ठेवा!" मी अक्षरशः किंचाळले. "इकडे नाहीतर तिकडे! कुठेही!"

"तोंडाने म्हणता येत नाही का रे गाढवा?" आत्या बाबांना म्हणाली.

"येतं की."

"म्हण मग!"

"राहा ताई."

आणि ती आली! उडी नाही, काही नाही, घरातल्या खोलीतून ओसरीवर यावं तशी फटक फटक करत इकडे आली. बाबा मागे सरकले, उंबरा मोकळा, मी कळ दाबली, दार मिटलं, पूल आत गेला, आणि शेवटचा दिवा पिवळा व्हायच्या आत सांधगाडी अशी अलगद फाट्याला लागली की काय सांगू. मी तिथेच खाली बसले. गाडीतले सगळे टाळ्या वाजवतायत, कुणी शिट्ट्या मारतायत, आणि दिलनोझाबाई रुमालात नाक शिंकरतायत.

मग आत्या एकदम म्हणाली, "माय वं! माझी पिशवी!"

पिशवी अथकमध्ये. सीटवर. भरीत निघालं समरकंदला, एकटं.

खंडव्याला आम्ही चौघं जिलबी खायला बसलो. आत्याने स्वतःच्या चपला घातल्या होत्या आणि पाय पुन्हा पुन्हा पुढे करून बघत होती, नव्या असल्यासारख्या. बाबा म्हणाले, "ताई, काय सांगायचं राहिलं होतं गं? दर रविवारी म्हणतेस."

"काही नाही."

"सांग ना. मला वाटायचं तब्येतीचं काही असेल."

आत्याने जिलबीचा तुकडा मोडला. "तीन वर्षं झाली रे," ती म्हणाली. "कुणी माझ्या चपला लपवल्या नाहीत."

बाबांनी आपल्या बशीतली मोठी जिलबी उचलून तिच्या बशीत ठेवली. ती म्हणाली, "उष्टी देतोस?" आणि खाल्ली.

दिलनोझाबाई हळूच मला म्हणाल्या, "अहवालात लिहिते, विभक्ती वेळेत झाली." यंत्राने असंच म्हटलं, विभक्ती! "आणि ती शिट्टी मी आमच्या समरकंदलाही नेईन. माझ्या मातेसाठी." भुसावळचा थांबा कायम! पत्र परवाच आलं. आता म्हणे सगळ्या मार्गावर, इस्तंबूलपर्यंत, सांधगाडी सुटली की पहिली शिट्टी होणार. बाबा शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरतायत की खंड त्यांच्या शिट्टीवर चालतो.

त्याच रात्री, आम्ही घरी पोचून टेकतो तोवर ओजसदादाचा फोन. घाबरलेला. तो स्टेशनवर घ्यायला गेला होता, बघतो तर सीटवर नुसती पिशवी.

"भरीत आलंय," तो म्हणाला. "आई कुठाय?"

बाबांनी फोन हातात घेतला. घसा खाकरला, शिट्टी उगाच नीट केली.

"आई राहिलीये," बाबा म्हणाले.

तिकडून मदिनावहिनीचा आवाज आला, मागून, "बरं झालं! किती दिवस मी ह्याला म्हणते, आईंना तिकडे राहायचं असतं, पण त्या उठून येतात म्हणून आम्हीही विचारत नाही!" सगळ्यांना सगळं माहीत होतं रे! फक्त गाडी इतकी पटकन मिळते म्हणून कुणी काही बोलतच नव्हतं.

आत्या अजून घरीच आहे. बुधवारी जाते म्हणाली होती, मग म्हणाली बघू. रोज सकाळी दोघांची भांडणं, आज लसणावरून, काल झाडावरून. आणि उद्या रविवार, तिला न्यायला ओजसदादा येतोय, वहिनीला घेऊन. जेवून लगेच संध्याकाळी निघू, असं म्हणालाय.

मी मघाशी घरून निघाले तेव्हा बाबा आणि आत्या, दोघं मिळून, खुर्चीवर चढून माळ्यावर काहीतरी बघत होते. मी विचारलं, "काय शोधताय?"

"शोधत नाही गं," आत्या म्हणाली. "दोन जोड मावतील का ते बघतोय."